तीनचाकी फवारणी-गाडी ट्रॉलीत चढविताना

२५ मे २०२० रोजी जयपूर शहराच्या घरांवर, झाडांवर आणि विजेच्या तारांवर वाळवंटी टोळांचे थवे उतरले. राजस्थानच्या पश्चिम सीमेवरील जिल्ह्यांना टोळधाड नवीन नाही. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या टोळ इशारा संघटनेचे क्षेत्रीय मुख्यालय जोधपूरला आहे ते याच कारणाने. परंतु राजधानीच्या दाट वस्तीत थवे दिसावेत, ही अनेक दशकांत न घडलेली गोष्ट होती. मे महिन्यात शेते मोकळी, कुरणे वाळलेली. खाण्यास हिरवे काही नसल्याने ते अपरिपक्व, गुलाबी टोळ एका जागी न रमता वाऱ्याबरोबर पूर्वेकडे सरकत राहिले. त्याच आठवड्यात विदर्भातील अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांच्या शेतकऱ्यांनीही ते पाहिले. मोर्शी-वरूडच्या संत्रा बागांच्या मालकांना ‘टोळधाड’ हा शब्द म्हणीतून ठाऊक होता. त्या वर्षी तो बांधावर आला.

टोळनियंत्रणात कीटकनाशकाची निवड, मात्रा आणि थेंबाचा आकार यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. यंत्र वेळेवर थव्यापाशी पोहोचविण्याच्या प्रश्नावर मात्र फारसे लिहिले जात नाही, आणि प्रत्यक्षात मोहीम अनेकदा तिथेच फसते. टोळ दिवसा उडतात. वारा अनुकूल असेल तर एका दिवसात शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापतात. सायंकाळी ते झाडाझुडपांवर बसतात आणि दुसऱ्या दिवशी उन्हाने अंग तापेपर्यंत तिथेच राहतात. फवारणीला उपयोगी काळ म्हणजे रात्रीचा उत्तरार्ध आणि सकाळचे पहिले काही तास. थवा कोठे बसला हे अंधार पडल्यावर कळते, यंत्र तेथे पहाटेपूर्वी लागते, आणि मधले अंतर पन्नास-साठ किलोमीटरचे असू शकते. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असतात. प्रत्येक टोळ दररोज साधारण आपल्या वजनाएवढे, म्हणजे दोन ग्रॅम, खातो. एक सकाळ हुकली तर पुढच्या गावाचे किती जाईल, याचा हिशेब यावरून ज्याचा त्याने करावा.

२०२० च्या मोहिमेत वाहनावर बसविलेली अतिसूक्ष्म थेंबांची फवारणी यंत्रे, ट्रॅक्टरचलित पंप आणि अग्निशमन दलाचे बंब वापरले गेले. जयपूर जिल्ह्यातील चौमूजवळच्या सामोद येथे ड्रोनचाही प्रयोग झाला. ब्रिटनमधील मायक्रॉन कंपनीकडून साठ नवी यंत्रे मागविण्यात आली. ही झाली सरकारी साधने. गावपातळीवर मात्र शेतकऱ्याच्या हाताशी जे असते तेच कामास येते, आणि अलीकडे त्यात तीनचाकी गाडीचे स्थान वाढत आहे. पुढचा भाग मोटारसायकलचा, मागे दोन चाकांवर हौदा, हौद्यात दोनशे लिटरची टाकी आणि एचटीपी पंप अशी तिची साधी रचना असते. अरुंद बांधावरून ती जाते, दोन ओळींमधून निघते आणि ट्रॅक्टरच्या मानाने कमी इंधन पिते. टोळ हे तर क्वचितचे संकट; एरवीही लष्करी अळी असो वा द्राक्षावरील तुडतुडे, हीच गाडी एका गावातून दुसऱ्या गावात भाड्याने फिरते.

तीन चाकांवरच्या मोटारसायकलीला शेतात आणण्याचा मान खरे तर गुजरातकडे जातो. अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी १९९४ च्या सुमारास बुलेट मोटारसायकलचे मागचे चाक काढून तेथे दोन चाकांचा अवजारदांडा बसविला. पेरणी, कोळपणी करणारे हे ‘बुलेट सांती’ पुढे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने देशासमोर आणले. सायकलवर बसविलेला फवारणी पंप हीदेखील त्यांचीच कल्पना. जयपूरच्या मुहाना मंडईत भाजी वाहणाऱ्या तीनचाकी गाड्या पाहिल्या की या रचनेची मुळे किती खोलवर गेली आहेत ते कळते.

मग ही गाडी स्वतःच्या चाकांवर का नेऊ नये? याला दोन उत्तरे आहेत. पहिले वेगाचे. भरल्या टाकीनिशी ही गाडी महामार्गावर चालविणे धोक्याचे आहे, आणि पन्नास किलोमीटर गेल्यावर इंजिन तापलेले, चालक थकलेला, अशा स्थितीत पहाटेची फवारणी नीट होत नाही. दुसरे उत्तर कायद्याचे. कारखान्यात तयार झालेली आणि नोंदणी असलेली मालवाहू तीनचाकी वेगळी. गावच्या फिटरने जोडलेला ‘जुगाड’ वेगळा. राजस्थानातील एका अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये निर्वाळा दिला की जुगाड हेदेखील मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येतील मोटार वाहनच आहे, म्हणून कायद्यातील अटी पूर्ण केल्याशिवाय ते रस्त्यावर आणता येणार नाही. नोंदणी नाही, विमा नाही, अशा गाडीने वाटेत कोणाला धडक दिली तर भरपाईचा बोजा थेट मालकाच्या डोक्यावर येतो. शेताच्या हद्दीत तिचा उपयोग करावा, रस्ता ओलांडून दूर जायचे असेल तर ती ट्रॉलीत घालून न्यावी, हेच शहाणपणाचे.

टाकी आधी रिकामी

चढविण्यापूर्वी टाकी रिकामी करणे हा सर्व कामाचा पाया आहे. पाण्याने भरलेली दोनशे लिटरची टाकी म्हणजे दोनशे किलो वजन. अर्धी टाकी तर पूर्ण टाकीपेक्षाही खोडकर. वळणावर पाणी एका बाजूस धावते आणि गाडीला त्याच बाजूस ओढते. शिवाय हे नुसते पाणी नसते. कीटकनाशकाचे द्रावण ट्रॉलीत सांडले, त्यावर नंतर चारा वा धान्य भरले, तर ते विष घरी पोहोचते. म्हणून टाकी, नळ्या आणि पंप तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावेत. धुवण शेतातच, विहीर-ओढ्यापासून दूर, फवारलेल्या क्षेत्रावर सोडावे. कीटकनाशकाचे डबे गाडीच्या हौद्यात न ठेवता वेगळ्या बंद पेटीत ठेवावेत. ती पेटी चालकाच्या आसनाजवळ नसावी आणि तिच्यासोबत डबा-पाण्याची पिशवी तर मुळीच नसावी. फवारणीचा दांडा दुमडून बांधावा, नळीची गुंडाळी करून अडकवावी. लोंबणारी नळी ट्रॉलीच्या चाकात गेली तर मागचे सगळे बांधकाम वाया जाते.

पेट्रोलचा कॉक बंद करावा, बॅटरीची एक तार सोडावी. जयपूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढेच असतो, विदर्भातही वेगळे नाही. काठोकाठ भरलेल्या टाकीतले पेट्रोल उष्णतेने फुगून झाकणातून झिरपते. प्रवासापुरती टाकी अर्धी असणे बरे. टायरमध्ये हवा मात्र पूर्ण भरावी, कारण मऊ टायर प्रवासात दबतो आणि तेवढे दोर सैल पडतात.

तीन चाकांना तीन वाटा

दोन चाकांच्या मोटारसायकलीला एक फळी पुरते, जीपला दोन. तीनचाकीची अडचण अशी की मागची दोन चाके दोन फळ्यांवर जातात आणि पुढचे चाक त्यांच्या मधोमध अधांतरी राहते. घाईत माणसे पुढचे चाक हातांनी उचलून धरतात आणि गाडी ढकलतात. पाठीच्या मणक्यांची आणि पायांच्या बोटांची सर्वाधिक हानी याच क्षणी होते. त्याऐवजी तिसरी फळी मध्ये टाकावी, किंवा ट्रॉलीच्या रुंदीचा एकसंध उतार तयार करून घ्यावा. मागच्या चाकांमधील अंतर फूटपट्टीने मोजून फळ्यांवर खडूने खुणा कराव्यात. डोळ्याचा अंदाज रात्री विजेरीच्या उजेडात हमखास चुकतो.

फळी किती लांब हवी याचा हिशेब सोपा आहे. गाडीचे वजन गुणिले ट्रॉलीची उंची भागिले फळीची लांबी, म्हणजे गाडी वर ओढण्यास लागणारा जोर; चाकांच्या घर्षणासाठी थोडा अधिक धरावा. गाडी रिकामी असताना ३५० किलो आणि ट्रॉलीचा तळ तीन फूट उंच धरला, तर सहा फुटी फळीवर १७५ किलोचा जोर लागतो. बारा फुटी फळीवर तोच ८८ किलोच्या आत येतो. टाकी भरलेली ठेवून सहा फुटी फळी लावली तर २७५ किलो. दोन माणसांना हा जोर झेपत नाही, पण अर्ध्या वाटेवर पोहोचेपर्यंत ते त्यांच्या लक्षात येत नाही. लहान फळीचा दुसरा दोष असा की चढ जिथे संपतो तिथे गाडीचे पोट फळीच्या टोकाला टेकते आणि मागची चाके अधांतरी होतात.

बारा फुटी मजबूत फळ्या प्रत्येकाकडे नसतात. अशा वेळी जमिनीचीच मदत घ्यावी. राजस्थानात वाळूचा टिबा जवळपास सापडतो, आपल्याकडे बांध, शेततळ्याचा भराव किंवा रस्त्याकडेचा उंचवटा असतो. बाजार समितीत माल चढविण्याचा ओटाही चालतो. ट्रॉलीचा मागचा भाग अशा उंचवट्याला भिडविला की मधे जेमतेम फूटभराचा चढ उरतो. याला खर्च काही नाही. जागा हेरण्यास पाच मिनिटे लागतात, आणि ती देण्याची अनेकांची तयारी नसते, एवढेच.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडच्या बहुतांश ट्रॉल्या एकाच आसाच्या असतात. गाडीचे वजन ट्रॉलीच्या शेपटावर येताच पुढचा दांडा वर उचलला जातो. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली नसेल तर ती मागे कलंडते. जोडलेली असेल तर ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होऊन तो सरकू शकतो. म्हणून ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच असावी, ट्रॅक्टरचा हातब्रेक ओढलेला असावा, ट्रॉलीच्या चाकांना दोन्हीकडून पाचरी लावाव्यात आणि मागच्या कोपऱ्यांखाली लाकडी ओंडक्यांचे भक्कम टेकू द्यावेत. फळ्यांची वरची टोके साखळीने ट्रॉलीच्या कड्यांना बांधावीत. चाकाच्या धक्क्याने फळी मागे सरकून निसटणे हा सर्वाधिक घडणारा अपघात आहे.

गाडी सुरू करून, वर बसून, जोर देऊन चढविणे हा प्रकार पूर्णपणे टाळावा. चढावर वजन मागे सरते, मागच्या चाकांना इंजिन जोर देते आणि हलके झालेले पुढचे चाक उचलले जाते. त्यानंतर हँडल हातात असून नसल्यासारखे. ट्रॉलीच्या पुढच्या भागात हाताची चेनपुली अडकवावी आणि तिचा आकडा गाडीच्या चौकटीला लावून संथपणे ओढावे. एका माणसाने बाजूला चालत हँडल सरळ धरावे. दुसऱ्याने मागच्या चाकांमागे प्रत्येक फुटागणिक पाचर सरकवीत यावे, तीही लांब दांड्याला बसविलेली, म्हणजे हात चाकाखाली जाणार नाही. गाडीच्या मागे, उताराच्या सरळ रेषेत, कोणीही उभे राहू नये.

बांधणी

वर आलेली गाडी कोठे उभी करावी? एका आसाच्या ट्रॉलीत तिचा जड भाग, म्हणजे इंजिन आणि मागचा आस यांमधील मध्य, ट्रॉलीच्या आसाच्या किंचित पुढे यावा. तसे झाले की ट्रॅक्टरच्या जोडावर थोडे वजन राहते आणि ट्रॉली शांत चालते. गाडी फार मागे राहिली तर ट्रॉली शेपूट हलवू लागते आणि वेगाबरोबर ते हलणे वाढते. फार पुढे गेली तर ट्रॅक्टरचे पुढचे चाक हलके होऊन सुकाणू ढिले पडते.

तीनचाकी गाडी उभी असताना भक्कम दिसते, म्हणून ती बांधण्यात हयगय होते. तिचा आधार त्रिकोणी आहे: मागे रुंद, पुढे एक बिंदू. वळणावर ती पुढचे चाक आणि बाहेरचे मागचे चाक यांना जोडणाऱ्या रेषेवरून कलंडू पाहते. मागचा भाग कितीही घट्ट आवळला तरी पुढच्या खांद्यांना आधार नसेल तर चौकटीला पीळ बसत राहतो आणि दोर एकेक करून सैल होतात. यास्तव किमान चार दोर, चार कोपऱ्यांकडे बाहेर फाकवून. मागचे दोन आसालाच बांधावेत, हौद्याला नाही. म्हणजे कमानपट्ट्या वरखाली झाल्या तरी ताण बदलत नाही. पुढचे दोन फोर्कच्या खालच्या जोडाला किंवा आसनाखालील चौकटीला, दोन्ही बाजूंना सारखे. पुढचे शॉक अब्सॉर्बर निम्मे दबतील एवढा ताण द्यावा. पूर्ण दाबले तर सील फुटते, आणि मुळीच दाबले नाही तर पहिल्याच खड्ड्यात दोर क्षणभर सैल होऊन आकडा सुटतो. हँडलला दोर बांधू नये. ते वाकते आणि फिरतेही.

ताण किती लागेल? मालबांधणीच्या युरोपीय मानकात जोराचा ब्रेक लागल्यास वजनाच्या ८० टक्के बल पुढे आणि वळणावर ५० टक्के बल बाजूला लागते असे धरतात. ३५० किलोच्या गाडीला हे बल पुढे २८० किलो, बाजूला १७५ किलो होते. येथे एक साधी गोष्ट विसरली जाते: गाडी पुढे सरकू नये म्हणून दोर मागच्या बाजूस ओढणारा हवा. पुढच्या दोरांनी पुढे जाणारी गाडी थांबत नाही. मागचे दोन दोर खाली आणि बाहेर असे दोन्हीकडे ४५ अंशांत गेले, तर त्यांच्या ताणापैकी सुमारे निम्माच भाग सरळ मागे उपयोगी पडतो. म्हणजे प्रत्येकावर २८० किलोच्या आसपास ताण येणार. ५०० किलो सुरक्षित भारक्षमता छापलेला रॅचेट पट्टा यासाठी पुरतो. छाप पुसलेला, कडा उसवलेला किंवा उन्हात पडून रंग उडालेला पट्टा भंगारात टाकावा.

रॅचेट पट्टे नसतील तेव्हा नायलॉनचा जाड दोर दुहेरी करून, मध्ये दांडा घालून पीळ देण्याची जुनी रीत वाईट नाही. पण नायलॉन ताणला की लांबतो आणि प्रत्येक गाठीपाशी त्याची ताकद घटते, काही गाठींत ती निम्म्यावर येते. पीळ दिलेला दांडा स्वतंत्र सुतळीने बांधून ठेवावा. सुटलेला दांडा गरगरत येतो आणि हाड मोडतो. लोखंडी कडेवरून दोर जात असेल तेथे गोणपाटाची घडी घालावी.

दोरांचा भार हलका करण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे लाकडी ठोकळे. ट्रॉलीच्या तळाला लाकूड असेल तर प्रत्येक चाकाच्या पुढे-मागे ठोकळा ठोकावा. तळ पत्र्याचा असेल तर चाकांभोवती आडव्या वाशांची चौकट करून ती ट्रॉलीच्या भिंतींपर्यंत भिडवावी. पुढचे चाक दोन ठोकळ्यांच्या खाचेत सरळ बसले की सुकाणू फिरत नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि हातब्रेक लावून ठेवावी, पण त्यांवर विसंबू नये. ब्रेक फक्त चाक फिरू देत नाही. चाकासकट गाडी सरकण्याला तो काय करणार?

फाळका लावून कडी अडकवावी. गाडीचा कोणताही भाग बाहेर येत असेल तर दिवसा लाल कापड, रात्री लाल दिवा हवाच. ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्ट्या नसतील तर रात्रीचा प्रवास करू नये; टोळांच्या मोहिमेत सारा प्रवास रात्रीचाच असतो, म्हणून त्या पट्ट्या आजच लावून ठेवाव्यात. गाडी धरून ठेवण्यासाठी कोणालाही ट्रॉलीत बसवू नये. माणसाच्या हाताने ३५० किलो थांबत नाहीत, आणि कलंडली तर ती त्याच्याच अंगावर येते.

निघाल्यावर पहिल्या दहा किलोमीटरांवर थांबून चारही दोर हाताने दाबून पाहावेत. दोर बसतात, टायर दबतात, ठोकळे आपली जागा घेतात; पहिला ढिलेपणा इथेच दिसतो. पुढे दर तासाला किंवा खराब रस्ता ओलांडल्यावर पुन्हा पाहावे.

उतरविताना घाई अधिक असते, कारण पूर्वेला उजाडू लागलेले असते. चढविताना वजन आपल्या विरुद्ध असते, उतरविताना ते आपल्याला सोडून पळू पाहते. प्रथम टेकू, पाचरी आणि फळ्या लावून घ्याव्यात, नंतर चेनपुलीचा आकडा गाडीला अडकवून साखळी ताणावी, आणि मगच दोर सोडावेत, पुढचे आधी व मागचे शेवटी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हातब्रेक सोडून, साखळी हळूहळू सैल करीत मागच्या चाकांवर खाली आणावी. टाकीत पाणी भरायचे ते गाडी जमिनीवर सपाट उभी राहिल्यावरच. पाण्याचा टँकर आधीच तेथे उभा करून ठेवलेला असेल, तर सूर्य वर येईपर्यंत पहिली टाकी संपलेली असते.